तिने लावलेली धार

वस्तऱ्याची धार निसण्याच्या दगडावर जन्मते. चामड्याच्या पट्ट्यावर ती केवळ राखली जाते. या दोन कामांची वाटणी त्या न्हाव्याच्या घरात लग्नाच्या पहिल्याच वर्षी झाली होती. तरुण वयाच्या उतावळेपणात त्याने एक उत्तम पाते दगडावर घासघासून वेडेवाकडे केले, तेव्हा नव्या नवरीने ते त्याच्या हातून काढून घेतले. "तुम्हाला गिऱ्हाइकाशी बोलायची सवय. दगडापाशी गप्प बसावं लागतं," ती म्हणाली. त्या दिवसापासून निसणा तिचा आणि पट्टा त्याचा.

दर तीन महिन्यांनी एका सकाळी ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसे. दगड आदल्या रात्रीपासून पाण्यात मुरलेला असे. पाते सपाट ठेवून, धार पुढे करून ती ते अशा हलकेपणाने सरकवी, की जणू दगडावरची साय काढायची आहे. मध्येच थांबून कान देई. आवाज खरखरीत असला तर पुन्हा. मऊ झाला की पुरे. दुकानातली सातही पाती तिच्या हाताखालून जात. मधले तीन महिने सांभाळणे न्हाव्याकडे. रोज सकाळी पट्ट्याच्या जाड कापडी बाजूवर वीस फेऱ्या, चामड्यावर चाळीस. पाठ पुढे, धार मागे, टोकाशी पाते पाठीवर उलटवून परत. चाळीस वर्षे हा नेम चुकला नाही; आणि आपल्या दुकानातली सफाई मुळात कोणाच्या हातची, हे त्याने गिऱ्हाइकांपासून कधी लपवले नाही.

अकरा महिन्यांपूर्वी ती गेली. इस्पितळात जाण्याच्या चार दिवस आधी तिने एकच वस्तरा निसला होता. बाकीच्यांकडे पाहून "आल्यावर बघते" म्हणाली होती. त्याने दुकान बंद केले, सहा पाती ओळखीच्या कारागिरांना देऊन टाकली आणि ते एक ठेवले. तिच्या हातची कामे घरातून एकेक करून संपत चालली होती. तिने भरलेली मिठाची बरणी रिकामी झाली. तिने उसवून पुन्हा शिवलेली उशी दुसऱ्या बाजूने फाटली. ही धार तेवढी उरली होती, आणि ती संपू द्यायची नाही, असे त्याने मनोमन ठरवले.

म्हणून तो स्वतःची दाढी बाजारातल्या स्वस्त पात्याने करू लागला. तो वस्तरा एकाच माणसासाठी उघडे: पलीकडच्या गल्लीतल्या वृद्ध घड्याळजींसाठी. पडल्यापासून त्यांचे चालणे खुंटले होते आणि एक दिवसाआड सकाळी न्हावी त्यांच्याकडे जाई. वस्तरा निसण्याला लावायचा नाही म्हटल्यावर सारा भार पट्ट्यावर आला. साठ फेऱ्यांच्या शंभर झाल्या, शंभरांच्या तीनशे. धार मंदावल्याची शंका आली की तो आणखी जोर लावी. ओढून ओढून पट्टा सैल पडला होता. ते त्याला दिसत होते. पण सकाळच्या त्या घरात दुसरा आवाज नसे आणि पट्ट्याच्या त्या आवाजात त्याचा अर्धा तास बरा जाई.

त्या सकाळी घड्याळजींच्या सूनबाईंनी गरम पाणी आणून ठेवले आणि त्या तिथेच थांबल्या.

"काका, आज जरा बेताने. परवा बाबांचा गाल दिवसभर लाल होता."

"साबण कडक असेल," न्हावी म्हणाला.

"साबण तुमचाच आहे."

घड्याळजी फेसाआडून म्हणाले, "तू कामाला जा गं. उशीर होईल."

"जाते. आणि येताना मशीनच घेऊन येते. हल्ली गवत कापायचंसुद्धा मिळतं."

त्या हसत निघून गेल्या. जिना उतरल्याचा आवाज विरला. न्हाव्याने गालाची सैल कातडी ताणून धरली आणि पहिला हात फिरवला. डावा गाल कसाबसा झाला. उजव्या गालावर मात्र पाते अडले. केस कापला न जाता मुळातून ओढला गेला. घड्याळजींनी हूं की चूं केले नाही. परंतु खुर्चीचा दांडा धरलेली त्यांची बोटे पांढरी पडली होती. ती बोटे दर खेपेस तशीच असत, हे न्हाव्याच्या त्या क्षणी ध्यानात आले.

"दुखतं?"

"नाही."

"खरं सांगा."

"तीन-चार महिने झाले," घड्याळजी म्हणाले. "पोरगी कामाला गेली की मी आणि भिंतीवरची घड्याळं. बोललो असतो आणि तुम्ही यायचे थांबला असता, तर मग काय?" थोडे थांबून ते म्हणाले, "आणा तो वस्तरा इकडे. त्या डबीत माझं भिंग आहे."

एका गालावर फेस, एका डोळ्यात भिंग, अशा अवतारात त्यांनी ते पाते खिडकीच्या उजेडात धरले. ज्या नजरेने त्यांनी आयुष्यभर केसाएवढी चक्रे पाहिली, त्याच नजरेने ते पाहत राहिले.

"शेवटचा कधी निसला?"

"तिने निसला होता. त्यानंतर दगडाला लावला नाही. पट्ट्यावरच जपलाय."

"जपलाय कसला? काठ वाटोळा झालाय, पार चमच्यासारखा. फार दाबता तुम्ही. पट्टाही सैल असणार."

"पण तिची धार..."

"ती नाही राहिली यात." घड्याळजींनी भिंग काढले. त्यांचा स्वर खाली आला. "पहिल्या दोन-तीन महिन्यांतच गेली असणार. हे आता आहे ते सगळं तुमच्या हाताचं आहे. माझ्याकडे अशी घड्याळं यायची. माणसं मायेने रोज उघडून पुसायची. न पुसलेली वीस-वीस वर्षं चालायची."

मग पुढचे आठ महिने आपण काय जपत होतो, याचा हिशेब न्हाव्याला लागेना. त्याने वस्तरा मिटला.

"उरलेला गाल?" घड्याळजींनी विचारले.

"याने नाही करवत."

"मग उद्यापर्यंत असाच बसतो. मला कुठे मिरवायला जायचंय? पण उद्या या मात्र."

घरी येऊन त्याने फडताळातून निसणा काढला. तो हाडासारखा कोरडा पडला होता. रात्री तो पाण्यात ठेवला आणि सकाळी, तिच्या जागी नव्हे, तिच्या समोरच्या भिंतीशी तो बसला. पाते टेकवले. पहिल्याच घासाला जो कर्कश आवाज आला त्याने हात आखडला. तरुणपणी बिघडवलेले पाते आठवले. हे बिघडले तर पुन्हा काढून घेणारे कोणी नव्हते.

हात दगडाला अनोळखी होता. कान मात्र नव्हता. चाळीस वर्षे शेजारच्या खोलीत बसून त्याने हे काम ऐकले होते. खरखरीत असेल तर पुन्हा. कुठे किती वेळ थांबायचे, पाणी कधी शिंपडायचे, हेही ऐकण्यातच शिकून झाले होते. पाण्यात लोखंडाची काळसर रेघ उतरली. त्या रेघेत तिच्या हातचे काहीच नव्हते, हे त्याला आता ठाऊक होते. तरी ते पाणी त्याने लगेच ओतले नाही. बऱ्याच वेळाने आवाज मऊ झाला. मग पट्टा ताठ ओढून कापडावर वीस, चामड्यावर चाळीस, हात पिसासारखा. प्रथम त्याने ते पाते स्वतःच्या गालावर फिरवले. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. जबड्याच्या वळणावर थोडे अडखळले, बाकी सरळ गेले.

घड्याळजींच्या उजव्या गालाला फार वेळ लागला नाही. त्यांची बोटे दांड्यावर सैल पडून राहिली.

"कशी आहे?" न्हाव्याने विचारले.

त्यांनी गालावरून हात फिरवला. "कामाची आहे. तिच्यासारखी नाही."

"नाही."

"परवा या."

घरी परतल्यावर सवयीने त्याचा हात पट्ट्याकडे गेला. सकाळच्या साठ फेऱ्या झाल्या होत्या. एकही जास्त चालणार नव्हती. त्याने हात मागे घेतला आणि तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. अजून दहासुद्धा वाजले नव्हते.