कपात कुणाची

आमच्या लाँड्रीत मालकानं दारालाच फळा टांगला: ‘यंदा तीस टक्के कपात’. खाली बारीक अक्षरात ‘धुराची’ असंही होतं म्हणे. पण बारीक अक्षर वाचायला चष्मा लागतो, घाबरायला लागत नाही.

बॉयलरवर माझा मेव्हणा. सगळे त्याला वाफ्या म्हणतात, कारण डोकं तापायला वेळ लागत नाही आणि गार व्हायला अख्खा दिवस जातो. तो धरूनच चालला की कपात माणसांची, आणि पहिला बळी आपला. घरी बायकोनं मला बजावलं, माझ्या भावाची नोकरी गेली तर तो आपल्याकडेच राहील. तो जेवतो किती ते मी बघितलंय. मग मलाही झोप लागेना.

धूर मोजायला एक बाई येणार असं कळलं, तशी वाफ्यानं शक्कल लढवली.

“दाजी, बॉयलर जेवढा पेटेल तेवढी माझी गरज दिसेल.”

मी म्हटलं, बघ बाबा. पण ऐकतो कुठला? सकाळपासून कोळसा कोंबत सुटला. चिमणीतून असा काळा लोट निघाला, की अंगणात वाळणाऱ्या पांढऱ्या चादरी करड्या झाल्या. बाईंनी चिमणीत नळी घातली, यंत्र बघितलं, यंत्रच बिघडलं की काय म्हणून हलवलं, पुन्हा बघितलं.

“रोज एवढं जाळता?”

गडी कात्रीत सापडला. हो म्हणावं तर उधळ्या, नाही म्हणावं तर आज का? शेवटी खरं ओकला.

“निम्म्यात भागतं, बाई. पण मला काढू नका.”

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. कपात धुराची आहे, तुमची नाही, म्हणाल्या. उद्या नेहमीसारखं जाळा, पुन्हा मोजते. मग वाफेच्या उघड्या पाइपाजवळ हात नेला आणि झटक्यात मागे घेतला. म्हणाल्या, तुमचा कोळसा इथं वाया जातोय, ह्याला जाड काहीतरी गुंडाळा.

गुंडाळलं. कोळसा घटला, धूर घटला, वाफ्या छाती काढून फिरायला लागला. फिरला तो जेवायच्या सुट्टीपर्यंत. कारण तो पाइप म्हणजे आमची चूल. सगळ्यांचे डबे त्याच्यावरच तापायचे. आता घास गार. इस्त्रीवाल्या मावशी त्याच्याकडे बघत म्हणाल्या, “एखादा माणूस कमी झाला असता तर चाललं असतं रे.”

वाफ्यानं गुपचूप वीतभर पाइप उघडा केला.

पुढच्या मोजणीला बाई नेमक्या तिथंच थांबल्या. “ही गळती कुणाची?”

“सगळ्यांची, बाई,” वाफ्या म्हणाला. पाइपावर मांडलेल्या डब्यांकडे त्यानं बोट केलं.

“बरं, हिशोबात धरते,” म्हणत त्यांनी पिशवीतून स्वतःचा डबा काढला.

आता त्यांच्या डब्याला जागा करायला मेव्हण्यानं कुणाचा डबा उचलला असेल?

माझा. गार जेवलो, पण घरी मेव्हण्याचं जास्तीचं ताट लागलं नाही.