दोन नावांची रांग

मी एक जुनी रांग आहे. माणसांची नव्हे, आकड्यांची. मित्रांनो, एका संगणकाच्या स्मृतीत माझे बारा लाख खण आहेत आणि प्रत्येक खणात एक अंतर आहे, कचेरीच्या खिडकीपासून समोरच्या डोंगरावरच्या एकेका ठिपक्यापर्यंतचं. खिडकीतलं यंत्र दिवसभर उतारावरून नजर फिरवतं आणि मापं मला देतं. डोंगर सरकतो का, हे कळावं म्हणून माझा जन्म.

डोंगराच्या पायथ्याशी एक शिवणखाना आहे. चाळीस बाया तिथे मशिनवर बसतात. तो चालवते माझ्या बाईची धाकटी बहीण. माझी बाई म्हणजे जिने मला घडवलं ती.

संगणकाला हुकूम द्यायची माझी भाषा मोठी शिस्तीची. तिथे एकेका आकड्याला हाक मारत नाहीत, अख्ख्या रांगेला एकदम हुकूम सोडतात. 'आत्ता' ही ताज्या मापांची रांग, 'आधी' ही कालची; 'आत्ता'मधून 'आधी' वजा कर म्हटलं की बारा लाख वजाबाक्या एका दमात. आणि लिहिलेलं खोडायचं नाही, हा तिथला रिवाज. एक आकडा बदलायचा तरी सगळी रांग नव्याने उतरवायची आणि बदल नकलेत करायचा. शर्टाचं एक बटण तुटलं म्हणून नवा शर्ट शिवावा, तसंच हे. पण जुना शर्ट जसाच्या तसा राहायचा.

रोज एकदा बाई 'आत्ता'च्या रांगेला 'आधी' हे दुसरं नावही द्यायची. मग नवी मापं आली की 'आत्ता' नव्या नकलेपाशी जायचं आणि 'आधी' जुन्या रांगेपाशी थांबायचं. दोघांतला फरक म्हणजे डोंगराची चाल. तो बोटभर झाला की शिवणखान्यात भोंगा.

पण नकला करून करून संगणकाला धाप लागे. शंभर ठिपक्यांची नवी मापं आली तरी बारा लाख खण उतरवायचे! मापं तुंबू लागली. एकदा दरड कोसळली आणि भोंगा वीस मिनिटं उशिरा वाजला. दरड रस्त्याच्या अलीकडे थांबली म्हणून निभावलं. बहिणीने फोनवर टोमणा मारला की, तुझा भोंगा आम्हाला जेवणाची सुट्टी सांगायला ठीक आहे. बाई हसली, पण तिला ते लागलं.

तिने नकला बंद केल्या. माप आलं की माझ्याच खणात, जुनं पुसून. संगणक वाऱ्यासारखा पळू लागला. मोठे साहेब येऊन पाहून गेले, बाईची पाठ थोपटली गेली. मीही जरा फुगले, खोटं कशाला बोलू?

पण रोज दुसरं नाव देण्याचा शिरस्ता तसाच राहिला होता. तिथे एक नक्कल करायला हवी होती. दिवसाला एकच. ती राहून गेली. आता 'आधी'ही मीच आणि 'आत्ता'ही मीच. स्वतःतून स्वतःला वजा केलं की काय उरणार? बारा लाख शून्यं. पडदा हिरवागार.

इकडे माझ्या मधल्या पट्ट्यातले आकडे रोज थोडे थोडे उतरत होते. डोंगर खिडकीकडे येत होता. मला ते ठाऊक होतं. पण मी विचारलेल्याचंच उत्तर देते आणि मला रोज चुकीचाच प्रश्न विचारला जात होता.

नऊ दिवस असे गेले. दहाव्या सकाळी उतारावर फिरून आलेला म्हातारा मोजणीदार चिखलाने भरलेल्या बुटांनिशी आत आला. पडद्याकडे बघत राहिला.

"मॅडम, सगळीकडे शून्य?"

"चांगलंच आहे की, काका."

"ऊन चढलं की दगडसुद्धा केसभर फुगतो. धुकं पडलं की तुमचं यंत्रच केसभर चुकतं. तुम्ही डोंगर बघताय की डोंगराचा फोटो?"

बाई कपाटाकडे वळली. नकला बंद करण्याआधी तिने माझी एक प्रत कपाटातल्या डिस्कवर ठेवली होती. तिने ती काढली आणि माझ्यातून वजा केली. पडद्याच्या मधोमध लाल पट्टा उमटला. शिवणखान्याच्या बरोबर वरचा उतार हातभर पुढे आला होता.

तिने भोंग्याची कळ दाबली आणि फोन लावला. पलीकडे मशिनींची घरघर.

"आता कसला भोंगा गं? कालच म्हणालीस ना, डोंगर गाढ झोपलाय."

"मी चुकले. मशिनी आहेत तशा सोड आणि सगळ्यांना घेऊन बाहेर पड."

थोरल्या बहिणीच्या तोंडून 'मी चुकले' हे तिने जन्मात पहिल्यांदा ऐकलं असावं, कारण तिने एकही प्रश्न विचारला नाही. फोनमधून एकेक मशिन थांबत गेल्याचं ऐकू येत राहिलं. मग काहीच नाही.

मित्रांनो, जुनं पुसायला माझी हरकत नाही. सगळंच साठवत बसलं तर कोणाचंही पाऊल पुढे पडायचं नाही. एवढंच करा, पुसण्याआधी बघा, त्याच्या भरवशावर अजून कोणी बसलेलं आहे का. असेल, तर तेवढी एक नक्कल काढा. तिला वेळ लागतो, पण थोडाच.

बाई फोन कानाला लावून उभी आहे. चाळीस बाया दारातून बाहेर पडल्या का, ते मला दिसत नाही. मला फक्त उतार दिसतो. मधल्या पट्ट्याची नवी मापं आत्ताच आली. मघापेक्षा कमी आहेत.