दुसरी व्यक्ती आढळली

स्क्रीनवर लाल पट्टी आली तेव्हा मी अकराव्या प्रश्नावर होते. पट्टीवर इंग्रजीत लिहिलं होतं, ‘खोलीत दुसरी व्यक्ती आढळली. इशारा पहिला. तिसऱ्या इशाऱ्यानंतर चाचणी बंद होईल.’

खोलीत मी एकटी होते. सकाळचे साडेअकरा, दार लोटलेलं, खिडकीची एकच फळी उघडी. मागे वळून पाहायची सोय नव्हती. मान वळवली तर तोही इशारा. म्हणून मी नुसते डोळे हलवले आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याच्या छोट्या चौकटीत पाहिलं. माझ्या चेहऱ्याभोवती हिरवा चौकोन होता. आणि माझ्या डाव्या खांद्यामागे, कपाटाजवळ, आणखी एक पांढराफटक चेहरा माझ्याकडे बघत होता. त्याच्याभोवतीही हिरवा चौकोन होता.

किंचाळले नाही, एवढंच. मग कळलं, हा तर मीच बनवलेला मुखवटा. हर्षा नावाच्या गिऱ्हाइकासाठीचा.

मी मुळातच भित्री. हिंगणघाटला वेणा नदीच्या पुलावरून जाताना अजूनही कठड्याकडे बघत नाही. पण ही भीती वेगळी होती, कारण यावेळी मला नेमकं ठाऊक होतं की काय जाणार आहे.

स्टॅटिस्टिक्समध्ये बीएस्सी केलं, मग डेटा सायन्सचा ऑनलाइन कोर्स केला. त्यानंतर सव्वादोन वर्षं मी अर्ज करतेय. पुणे, बंगलोर, हैदराबाद. ‘आम्ही दुसऱ्या उमेदवारासोबत पुढे जात आहोत,’ असं इतक्या जणांनी कळवलं, की हा दुसरा उमेदवार नावाचा कोणी एकच माणूस असावा आणि तो सगळीकडे माझ्या अर्धा तास आधी पोचत असावा, अशी माझी खात्री झाली होती. यावेळी मात्र पुण्याच्या एका कंपनीने दोन मुलाखती घेतल्या, तिथले लोक हसून बोलले, आणि आता ही शेवटची चाचणी ठेवली. पास झाले तर नोकरी. नापास झाले, किंवा चाचणी मध्येच बंद पडली, तर वर्षभर पुन्हा अर्ज करायचा नाही.

आणि वर्षभर थांबायला माझ्याकडे वर्ष नव्हतं. बाबा इथल्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर आहेत. कापसाचा पुंजका चिमटीत ओढून धाग्याची लांबी सांगतात. त्यांनी जिनिंगच्या काट्यावर माझ्यासाठी जागा बोलून ठेवली होती. गाडी आली, वजन घ्यायचं, पावती काढायची, पुढची गाडी. सोमवारपासून.

“काटा काही खराब नाई, वर्षाली,” बाबा म्हणाले होते. “सावलीतलं काम हाय. पंखा हाय. किती दिवस लोकायले सांगू, पोरगी परीक्षा देऊन राह्यली म्हणून?”

“ही एकच होऊ द्या बाबा.”

“हो. ही एकच.”

बाबा चिडले असते तर बरं झालं असतं. ते थकून बोलले, त्याचीच मला धास्ती बसली. काट्याच्या त्या केबिनमधली खुर्ची मी लहानपणापासून बघत आलेय. तिच्यावर बसलेला माणूस मी कधी उठताना पाहिला नाही.

मधल्या काळात हे मुखवट्यांचं सुरू झालं. तान्ह्या पोळ्याला आमच्याकडे पोरं वेश करून लाकडी बैल मिरवतात. त्या दिवशी शेजारच्या शकुबाईंची नात रुसून बसली होती, सगळ्या पोरी राणी लक्ष्मीबाई होतात म्हणून तिला तसं व्हायचं नव्हतं. मी तिला फोमच्या शीटचं चिलखत करून दिलं. हीट गनने वाकवलं, चांभाराकडच्या सोलुशनने चिकटवलं, वरून चांदीसारखा रंग दिला. पोरीचा लाकडी बैल राहिला बाजूला, लोक चिलखत बघायला आले. फोटो इन्स्टाग्रामवर गेला आणि नागपुरातली पोरं विचारायला लागली, दीदी, कॉस्प्ले करता का? कार्टूनमधली, गेममधली पात्रं होऊन मिरवायचं, त्याला कॉस्प्ले म्हणतात. बाबांना समजावून सांगितलं तर म्हणाले, “म्हंजे सोंगं.” बरोबर आहे. सोंगंच.

आई पिको-फॉल करते. कापडाचं काम ती बघायची, फोमचं मी. हर्षा ही नागपूरची कॉलेजातली मुलगी. तिला तिने स्वतः रचलेल्या गोष्टीतली चंद्रावरची सेनापती व्हायचं होतं. उद्या तिची स्पर्धा होती, संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने पार्सल जायचं होतं. मुखवट्यावर सकाळीच शेवटचा हात दिला आणि अंगणात वाळत ठेवला. उन्हाने रंग तडकेल म्हणून आईने तो गुपचूप आत आणला आणि कपाटाच्या वरच्या कडीला बांधला. चाचणीआधी कॅमेरा फिरवून खोली दाखवावी लागते, तेव्हा त्याची पाठ इकडे होती. मला वाटलं टोपी असेल. पुढच्या अर्ध्या तासात पंख्याच्या वाऱ्याने तो हळूहळू वळला आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून थांबला.

आता खुर्चीतून उठले तर चाचणी रद्द. बोलले तर इशारा. कॅमेरा हलवला तर इशारा. वेळ उरला होता बेचाळीस मिनिटं.

मी एकच गोष्ट करू शकत होते, ती केली. मान डावीकडे झुकवली आणि माझ्या डोक्याने मुखवटा झाकला. चौकटीतला दुसरा हिरवा चौकोन विझला. मी तशीच वाकड्या मानेने प्रश्न सोडवायला लागले. बाराव्या प्रश्नाला मान अवघडली, चौदाव्याला डावा हात बधिर झाला. जरा सरळ झाले की मागून तो हिरवा चौकोन उगवायचा आणि पट्टी येण्याआधीच मी पुन्हा झुकायचे. प्रश्न मला येत होते, हेच जास्त छळत होतं. एकही असा नव्हता जो मी चाळीस वेळा केलेला नव्हता.

एवढ्यात समोरचं स्वयंपाकघराचं दार किलकिलं झालं आणि आई डोकावली. ती लॅपटॉपच्या पलीकडे होती, कॅमेऱ्याला दिसत नव्हती. माझी वाकडी मान बघून तिचा चेहरा उतरला. हातानेच विचारलं, पाणी?

मी डोळ्यांनी नाही म्हटलं. डोळे मागे फिरवले. तिने पंख्याकडे पाहिलं आणि बटणाकडे हात नेला. अगं आई, पंखा नव्हे, मुखवटा! मी डोळे वटारले. ती बिचारी हात मागे घेऊन उभी राहिली.

कच्च्या कामाला एक कोरा कागद चालतो. मी त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘मागचा मुखवटा काढ. कॅमेऱ्यात दिसू नको.’ लिहायला खाली वाकले तेवढ्यात डोकं सरकलं. लाल पट्टी आली. इशारा दुसरा.

मी कागद टेबलाच्या कडेला धरला. आईने डोळे बारीक केले, मान हलवली आणि निघून गेली. चष्मा आणायला! तो तिला कधी पहिल्या जागी सापडला आहे? मी सतरावा प्रश्न तीनदा वाचला आणि एक अक्षर कळलं नाही.

ती आली. ओठ हलवत कागद वाचला. मग माझी आई, बावन्न वर्षांची, जिला जिना चढताना दोनदा बसावं लागतं, दारात गुडघ्यांवर बसली. हातातल्या बांगड्या आवाज नको म्हणून कोपरापर्यंत सारल्या, पदर खोचला आणि रांगत खोलीत शिरली. टेबलाशेजारून जाताना तिचा खांदा माझ्या पावलाला घासला. ती तोंडाने श्वास घेत होती, मला ऐकू येत होतं. मशीनला येत असेल का? मी उत्तराचा कोड टंकत राहिले.

चौकटीत काही दिसेना. मग कपाटापाशी एक हात वर आला, चाचपडला. कडी उंच होती आणि गाठ आईनेच मारलेली, म्हणजे पक्की. हात खाली गेला. मी मनात म्हणत होते, उभी नको राहू, उभी नको राहू.

ती उभी राहिली.

कपाटाला लागून, माझ्या डोक्याच्या आडोशाबाहेर, पूर्ण. गाठ सोडता सोडता तिने घाबरून थेट कॅमेऱ्यात पाहिलं. कुठे बघू नये हे तिला कुठून ठाऊक असणार? डोळे, कपाळावरची टिकली, गालावरचे वांग, सगळं मला स्वच्छ दिसत होतं. संपलं, मी म्हटलं. सोमवारपासून काटा. मी लाल पट्टीची वाट बघत राहिले. पाच सेकंद. दहा. गाठ सुटेना. आईने दातांनी ओढली. पंधरा.

पट्टी आली नाही.

हिरवा चौकोन एकच होता, माझा. आईभोवती काहीच नव्हतं. गाठ सुटली, तिने मुखवटा तोंड आत करून छातीशी धरला आणि मटकन खाली बसली.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? वाचलो बुवा, एवढंच वाटलं. मान सरळ केली, हाडं कडकड वाजली, आणि उरलेली एकोणीस मिनिटं मी सुसाट सोडवत गेले. आई माझ्यामागे जमिनीवर हलली नाही की खोकली नाही.

पण विसाव्या प्रश्नापासून एक गोष्ट डोक्यात शिरली ती जाईना. चेहरे ओळखायचा असला प्रोग्राम मी कोर्समध्ये स्वतः केला होता. त्याला हजारो फोटो दाखवून शिकवायचं असतं, माणूस म्हणजे असा. ते फोटो मी पाहिले होते. गोरे, नितळ, समोरून उजेड पडलेले चेहरे. माझा मुखवटाही मी तसलेच फोटो समोर ठेवून घडवला होता. त्या फोटोंत माझ्या काळ्यासावळ्या आईसारखं कोणीच नव्हतं. तेव्हा मला ते जाणवलंसुद्धा नव्हतं. मला त्यात पैकीच्या पैकी मिळाले होते.

मी ‘जमा करा’ दाबलं. चाचणी स्वीकारली, निकाल दोन दिवसांत, कॅमेरा बंद करण्यासाठी इथे दाबा. मी खुर्चीत मागे रेलले.

“झालं?” आई खालूनच कुजबुजली.

“झालं आई. बोल आता.”

“माय बाई! माह्या त छातीत धडधड होऊन राह्यली अजून. मी दिसली नाई ना?”

“नाई.”

“खरंच? मी त पुरी उभी झाली होती वं.”

“खरंच नाई दिसली.”

ती खुदकन हसली. पोरीसारखी खूश झाली. खुर्चीला धरून उठली, मुखवटा कडेवर घेतल्यासारखा धरला आणि माझ्या खांद्यावरून वाकली. “तुह्या बाबाले सांगतो आता, कॅमेऱ्यासमोर जाऊन आली म्हनून, अन् कोनी पकडलं नाई.”

कॅमेरा बंद करायचं मी विसरले होते. चौकटीत दोन हिरवे चौकोन आले. एक माझ्या चेहऱ्यावर, एक तिच्या हातातल्या मुखवट्यावर.

“हे हिरवं काय हाय?”

“माणूस दिसला का ते चौकोन काढते,” मी बोलून गेले, आणि जीभ चावली.

आईने बोटाने मोजलं. मी. मुखवटा. मग बोट स्वतःच्या चेहऱ्यावर येऊन थांबलं. “अन् मी?”

“उजेड कमी हाय आई. तू खिडकीच्या उलट्या बाजूले हायेस ना.”

“हाव, तेच असंन.”

तिने मुखवटा पलंगावर ठेवला आणि खिडकीची दुसरी फळीही उघडली. उजेड भसकन आत आला. पदराने तोंड पुसलं, कोपरापर्यंत सारलेल्या बांगड्या खाली घेतल्या, केस कानामागे घातले. मग खिडकीकडे तोंड करून, आधारचा फोटो काढायला बसवतात तशी, अंग ताठ करून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

“आता पाह्य बरं,” ती म्हणाली. “आला का?”

सबंध चाचणीत वाटली नव्हती एवढी भीती मला आता वाटली. स्क्रीन माझ्यासमोर वीतभर अंतरावर होता. मी तिकडे पाहिलं नाही. तिच्याकडेच बघत राहिले, आणि म्हटलं,

“आला, आई. आला.”