अकराच्या आत रिव्हर्स

विमल जाऊन तेरा महिने झाले. तिची गाडी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी होती. विमल निफाड तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका होती आणि नाशिक रोडहून रोज याच गाडीने जाऊन-येऊन करायची. मी शेजारी बसणारा. लायसन्स माझ्याकडेही आहे, पण दोघं असलो की चालवायची तीच.

ती गेल्यावर मी दर रविवारी गाडी जागेवरच स्टार्ट करायचो, दहा मिनिटं चालू ठेवायचो आणि बंद करायचो. गिअर टाकायची वेळ कधी आली नाही. गेल्या आठवड्यात पाइपलाइनसाठी पार्किंग खोदायचं ठरलं, गाडी हलवायला सांगितली, तेव्हा कळलं की गिअर पडत नाही. फक्त तिसरा आणि चौथा पडत होता. रिव्हर्स नाहीच, आणि समोर भिंत. एक मेकॅनिक येऊन पाहून गेला. गिअरबॉक्स गेलाय, म्हणाला, आता या गाडीच्या मागे लागू नका.

माझी मुलगी तेजस्विनी शनिवारी दुपारी पुण्याहून आली, ती भंगारवाल्याला सांगूनच. रविवारी अकरा वाजता तो गाडी उचलून नेणार होता.

"पप्पा, तुम्ही रोज खिडकीतून त्या गाडीकडे बघत बसता," ती म्हणाली. "शेजारच्या गोटीरामकाकांनी सांगितलं मला."

"गोटीरामला काही काम नाही."

"तुम्हाला तरी काय आहे?"

मी म्हणालो, "अकराच्या आत गाडी स्वतःच्या चाकांवर गेटबाहेर काढली, तर ती राहील."

तेजू म्हणाली, "आणि नाही निघाली तर मग काही बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

मी नोटा छापायच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं मशीन फिटर होतो. गिअरबॉक्स गेला असता तर तिसरा-चौथा तरी कसा पडला असता, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. तेव्हाच जाऊन बॉनेट उघडलं. या गाडीत गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत दोन केबल जातात. एक पुढे-मागे ढकलते, दुसरी डावी-उजवीकडची रांग निवडते. दुसरीचं टोक गिअरबॉक्सच्या पिनेवरून निसटून लोंबत होतं.

त्या टोकाला गोल भोक असतं आणि भोकात प्लॅस्टिकचा बुश, म्हणजे पिनेवर घट्ट बसणारं कडं. बुश नव्हता. त्याच्या जागी निळ्या कापडाची पट्टी गुंडाळलेली होती, वरून दोऱ्याने आवळलेली. उंदराने ती अर्धी कुरतडली होती, म्हणून टोक निसटलं होतं.

कापड मी ओळखलं. ते विमलच्या ब्लाउजचं अस्तर होतं. तिचं शिलाई मशीन बिघडलं की ती स्वतःच खोलायची, मला हात लावू द्यायची नाही.

तीन-चार वर्षांपूर्वी तिच्या गाडीचा गिअर सारखा अडकायचा. मी म्हणायचो, तुझा हातच जड आहे. मग एक दिवस अडकायचा थांबला. तेव्हा मी म्हणालो होतो, बघ, सांगितल्यावर सुधारलीस. ती हसली होती.

मी पट्टी सोडवून खिशात ठेवली आणि नाशिकच्या द्वारका चौकातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, बुश सुटा येत नाही, अख्खी केबल घ्यावी लागेल, चार दिवस लागतील. मी हललो नाही. शेवटी त्याने एक पत्र्याचा डबा काउंटरवर उपडा केला. त्यात मला हवा तो बुश मिळाला.

रविवारी सकाळी आठला कामाला लागलो. गोटीराम खुर्ची घेऊन खाली आला. तोही प्रेसमधलाच, पण हिशेबाच्या खात्यातला.

"जयराम, नोटा छापायचं मशीन नाही ते," तो म्हणाला.

"तू चहा पी."

केबलच्या टोकाजवळ तिची लांबी कमी-जास्त करायची जागा असते. तिथलं लॉक सोडायच्या आधी मी पांढऱ्या रंगाने खूण केली. प्रेसमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. खूण केल्याशिवाय काही सोडायचं नाही आणि बसवताना खुणेवरच बसवायचं. एकतीस वर्षांत माझी खूण चुकली नाही.

बुश दाबून बसवला, टोक पिनेवर चढवलं, खूण जुळवून लॉक केलं. आत बसून क्लच दाबला. पहिला पडला. दुसरा पडला. रिव्हर्स उजवीकडे खाली आहे. दांडा तिथपर्यंत पोचेच ना. सगळं सोडून पुन्हा खुणेवर बसवलं. तेच. तिसऱ्यांदा बसवलं तेव्हा साडेदहा वाजले होते आणि शर्ट घामाने भिजला होता.

भंगारवाला सहादू वेळेआधीच आला. त्याने आपला टेम्पो गेटमध्येच आडवा लावला.

"काका, राहू द्या आता," तो म्हणाला. "लय जुनी हाय ती. आम्ही नेतो ना उचलून."

"अजून वीस मिनिटं आहेत," तेजू त्याला म्हणाली. मी वर पाहिलं. ती कधी खाली आली ते कळलं नव्हतं.

घाम पुसायला रुमाल काढला, तर हातात पट्टी आली. ती एका बाजूला जाड होती, दुसरीकडे अगदी पातळ. मी ती पिनेशेजारी धरून पाहिली. एवढी जाडी एका अंगाला आली तर केबलची लांबी बदलावीच लागणार. विमलने ती बदलली होती. म्हणजे मी जिच्यावर खूण केली ती जागा कंपनीची नव्हती, तिने पट्टीसाठी ठरवलेली होती. पट्टी काढल्यावर ती खूण काही उपयोगाची नव्हती.

मी चिंधीला रॉकेल लावून खूण पुसून टाकली.

"हे काय करतोस?" गोटीराम खुर्चीतून उठला. "आता बसवशील कशावर?"

"तेजू, आत बस. मम्मीच्या सीटवर. गिअरचा दांडा न्यूट्रलला अगदी मधोमध धर. डावीकडे नको, उजवीकडे नको."

ती बसली. दोन बोटांनी तिने दांडा सरळ धरला.

"घट्ट धर ना."

"मम्मी म्हणायची, घट्ट धरला की तो आपल्याकडे झुकतो," ती आतून म्हणाली.

इकडे गिअरबॉक्सची पिन तिच्या स्प्रिंगने आपोआप मध्ये येऊन थांबली होती. मी केबल मोकळी सोडली, हात काढून घेतला, आणि ती जिथे थांबली तिथे लॉक दाबलं. टक् असा आवाज आला. खुणेच्या जागेपासून चांगलं बोटभर अंतर पडलं होतं.

तेजू उतरली आणि मी बसलो. क्लच दाबला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. मग दांडा उजवीकडे नेऊन खाली ओढला. काही अडलं नाही. गाडी स्टार्ट केली, क्लच सोडला, आणि समोरची भिंत लांब जायला लागली.

"दहा पन्नास," गोटीराम घड्याळ बघत म्हणाला.

मी हॉर्न वाजवला. सहादू टेम्पोला टेकून उभा होता.

"टेम्पो मागे घ्या," मी म्हणालो. "गाडी बाहेर काढायची आहे."

"अहो पण मी हीच न्यायला आलोय."

"सहादूभाऊ, घ्या हो मागे," तेजू म्हणाली. ती हसत होती, आणि डोळेही पुसत होती. सहादू बडबडत टेम्पोत चढला. त्याचाच गिअर दोनदा खरखरला, तेव्हा गोटीराम मोठ्याने हसला. आमची गाडी उलटी गेटबाहेर पडली तेव्हा वरच्या गॅलरीतून दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या.

तेजू शेजारी येऊन बसली. जेल रोडने निघालो आणि निफाडच्या वाटेवर थेट चांदोरीपर्यंत गेलो. पाचही गिअर लागले. मी दांडा दोनच बोटांनी धरत होतो. विमलच्या शाळेचा रस्ता गिरवत परत फिरलो, तेव्हा तेजू म्हणाली, पुढच्या महिन्यात येईन तेव्हा मी चालवणार.

घरी आल्यावर मी गाडी खोदायची जागा सोडून पार्किंगच्या दुसऱ्या कडेला रिव्हर्समध्येच लावली. आता तिचं तोंड गेटकडे आहे. पट्टी मी विमलच्या शिलाई मशीनच्या खणात ठेवली.