भरलेली बाटली

भावनाचा जीव पहिल्यांदा उडाला तो बाटली पाहून. पहाटे चारला उठून तिनंच लिंबू, मीठ, साखर घालून ती भरली होती आणि नवऱ्याच्या कमरपट्ट्यात खोचून दिली होती. आता मॅरेथॉनमधले इंद्रजीतचे अठ्ठावीस किलोमीटर झाले होते, ऊन डोक्यावर चढलं होतं, आणि बाटली गळ्यापर्यंत जशीच्या तशी भरलेली!

"अहो, पाणी पेले काहून नाई?" रस्त्याच्या दुभाजकापलीकडून ती ओरडली.

इंद्रजीतनं नुसता हात वर केला. "ऑलराईट!"

हा त्यांचा ठरलेला खेळ होता. नवा रायपूरच्या त्या लांबलचक रस्त्यावर सव्वापाच किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं, अशा चार फेऱ्या. तो पुढे, ती मागे. त्यामुळे दर फेरीला दोघं समोरासमोर येत. तो मालगाडीचा ड्रायव्हर, बावीस वर्षं इंजिनात. गाडी स्टेशनातून जाताना दोन्हीकडून हात दाखवून 'सगळं ठीक' सांगतात, तसा तो बायकोला हात दाखवायचा. पहिल्या फेरीला तिला हसू आलं होतं. या वेळी मात्र आलं नाही. त्याचा बनियन कोरडा खडखडीत होता आणि छातीवर मिठाचे पांढरे ओघळ वाळले होते.

माणूस एवढा धावतो आणि घाम नाही?

ती पळत राहिली. डोक्यात एकच विचार भणभणत होता. इंजिनात लघवीची सोय नसते. आठ-आठ, दहा-दहा तास गाडी हाकायची, मध्ये उतरता येत नाही, म्हणून या माणसानं ड्यूटीवर पाणी पिणंच सोडलेलं. घरी दोन लोटे रिचवेल, पण एकदा कामाला लागला की घोटभरही नाही. तहान मारायची कला शिकलाय बाबा, असं तो तेलीबांध्याच्या तळ्याभोवती सराव करताना मित्रांना मोठ्या तोऱ्यात सांगायचा. सराव सगळा थंडीतला, म्हणून तेव्हा निभावलं. शर्यत फेब्रुवारीची होती, ती ढकलत ढकलत एप्रिलवर आली. आणि मूर्खासारखं आपण काय केलं, तर उन्हाची लू लागू नये म्हणून त्याच्या खिशात कांदा घातला! कांदा त्यानं गुपचूप ठेवून घेतला. पाण्याला मात्र "हो हो" म्हणाला आणि शिवलाही नाही.

परत फिरावं का? फिरून त्याला गाठणार कशी? तो तिच्यापेक्षा जोरात पळतो. चौथ्या फेरीला तो समोरून येईल तेव्हाच. तोवर जीव मुठीत धरून पळायचं. तिनं पाण्याच्या टेबलावर गळ्यातला लाल गमछा भिजवला, डोक्यावर घेतला आणि समोरच्या रस्त्यावर डोळे लावले. येणारा प्रत्येक माणूस तिला इंद्रजीत वाटे आणि जवळ आला की दुसराच कुणी निघे.

औषधोपचाराच्या तंबूजवळ तो दिसला एकदाचा. पळत होता, पण आडवातिडवा, दारू प्यायल्यासारखा. तोंड लालबुंद. उजवा हात सरळ पुढे ताणलेला आणि तो ओरडत होता, "सिग्नल हरा!"

रस्त्याकडेच्या पोरापोरींना वाटलं, भैया जोशात आहेत. त्यांनी टाळ्या पिटल्या. "हरा! शाबाश भैया! बस तीन किलोमीटर!"

भावनानं मात्र तो पुकारा ओळखला. इंजिनात सिग्नल दिसला की एकानं रंग पुकारायचा आणि दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा, अशी त्यांची रीत. हा माणूस झोपेतही पुकारायचा. म्हणजे तो आता इथं नव्हताच! तो गाडी चालवत होता, आणि ही सगळी पोरं त्याला हिरवा दाखवून मरणाकडे पाठवत होती.

"थांबवा त्यांना! कोणी थांबवा रे!"

तंबूतून एक डॉक्टर पोरगी धावली, समता कॉलनीतली ओळखीची स्नेहल. तिनं त्याचा दंड धरला. त्यानं असा झटका दिला की ती गुडघ्यावर पडली. पुढचा डॉक्टर थेट शेवटच्या रेषेपाशी होता आणि मध्ये तीन किलोमीटर नुसतं भाजणारं डांबर.

भावना दुभाजक ओलांडून त्याच्या वाटेत उभी राहिली. त्याचे डोळे तिच्यावर होते, पण ओळख कुठेच नव्हती. हाका मारून उपयोग नाही, हे तिला कळून चुकलं. बायकोसाठी हा थांबणार नाही. मग कशासाठी थांबेल?

तिनं डोक्यावरचा गमछा ओढला, दोन्ही हातांत धरून डोक्यावर आडवा ताणला आणि घसा फाटेस्तोवर ओरडली, "लाल! सिग्नल लाल!"

इंद्रजीतचे पाय अडखळले. हात खाली आला.

"लाल," तो पुटपुटला आणि थांबला. तिच्यापासून दोन हातांवर. मग तसाच कोसळला.

तंबूत त्याला बर्फात अक्षरशः पुरलं. ताप एक्केचाळीसच्या वर. सलाईन लागली. भावना त्याचे तळवे चोळत होती. तेही तापलेले, आणि तिचे हात थांबता थांबत नव्हते. ताप उतरू लागला, बडबड थांबली, तरी तिची भीती हटेना.

"वाचतीन ना हो?"

स्नेहल मराठी समजायची, बोलायची हिंदीत. "बुखार तो उतर रहा है, आंटी. पर किडनी का डर है. पेशाब होने दो, फिर बोलूंगी. गाड़ी आ रही है, अस्पताल तो ले ही जाएंगे."

भावना बाटलीकडे बघत बसली. रुग्णवाहिकेचा भोंगा जवळ येत होता. बाहेर शर्यत संपवलेल्यांची नावं लांबून लाउडस्पीकरवर ऐकू येत होती आणि तिला त्या प्रत्येक नावाचा राग येत होता.

इंद्रजीतनं डोळे उघडले. "भावना?"

"हव, मीच."

"गाडी कुठं उभी हाय?"

"गाडी गेली. दुसऱ्यानं नेली. तुमची ड्यूटी संपली." तिनं स्नेहलकडे पाहिलं, स्नेहलनं मान हलवली, तेव्हा तिनं बाटलीचं तोंड त्याच्या ओठांना लावलं. त्यानं सवयीनं तोंड फिरवलं.

"अहो, उतरले ना तुम्ही इंजिनातून! प्या आता!"

तो घोट घोट करत प्यायला. अर्धी बाटली संपली. मग तिचं मनगट धरून, पोराटोरांनी ऐकू नये म्हणून अगदी हळू म्हणाला, "मले लागली. इथं सोय हाय का?"

आणि बावीस वर्षांत ज्या गोष्टीचं त्या दोघांनी घरात कधी नावही काढलं नव्हतं, ती भावनानं साऱ्या तंबूला ओरडून सांगितली. "स्नेहल! यांना लागली! यांना लघवीला लागली वो!" सांगता सांगता ती ओक्साबोक्शी रडू लागली.