टपली

तो खळगा मी ओपन डेलाच पाहिला होता. कॅथीड्रलमागच्या दगडी ओवरीत, एका खांबावर, माझ्या छातीच्या उंचीला. वाटीएवढा. शाळा दाखवणाऱ्या मिसेस पेंबर्टन हसत म्हणाल्या, “क्वायरमध्ये आलेल्या प्रत्येक नव्या मुलाचं डोकं इथे बंप होतं. चारशे वर्षं. दगड झिजला, परंपरा नाही!” सगळे आईबाप हसले. मी बोट घालून पाहिलं. आत इतकं गुळगुळीत होतं की मी हात चटकन मागे घेतला.

“बंप म्हणजे टपली गं,” रीडिंगला घरी परतताना माझा नवरा अनुप म्हणाला.

“टपलीने दगड झिजतो?”

“पाण्यानेही झिजतो.”

“पाणी नाहीये ते, अनुप. डोकी आहेत.”

पूर्वी तिथे फक्त मुलगे गायचे. मुलींना घ्यायला लागून थोडीच वर्षं झाली होती. आमच्या कस्तुरीची निवड झाली तेव्हा अनुपने ईलिंगहून पेढे आणून ऑफिसभर वाटले. मी तिच्या वेण्या घालत होते. डोक्यामागे, केसांच्या आत, टाक्यांची खूण आहे. लहानपणी जिन्यावरून पडली होती. अजूनही तेल लावताना बोट तिथे आपोआप थांबतं. डॉक्टर म्हणाले होते, आता विसरून जा. ते विसरले असतील.

सप्टेंबरमध्ये तिला बोर्डिंग हाउसला सोडलं. पहिल्याच शनिवारी फोन आला, मागे मुलींचा नुसता कलकलाट.

“आई, उद्या इव्हनसाँगनंतर माझा बंपिंग आहे.”

“नाही म्हण. सांग, मला टाके पडलेत.”

“आई, प्लीज! फक्त एक छोटा टपली आहे.”

“छोटी टपली,” मी सवयीने सुधारलं. “मारणार कोण?”

“मोठे मुली. हॅरिएट आहे ना, ती धरणार. तिला पण केलं होतं. तिला स्टार्स दिसले!” आणि ती खिदळली.

मी फोन ठेवला तरी ते खिदळणं कानातून जाईना. अनुप म्हणाला, “हे बघ, तू मधे पडलीस तर ती तिथे कायमची ‘जिची आई धावत आली ती’ होऊन बसेल.” त्याचं खरं होतं. म्हणून तर काय करावं ते सुचेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या त्या प्रार्थनेला आम्ही गेलो. लाल झग्यांच्या रांगेत कस्तुरी गात होती. काय गायली, विचारू नका. मी तिच्या डोक्याकडेच बघत होते. केस कुणीतरी उंच पोनीत बांधले होते, म्हणजे खूण अगदी उघडी.

मग सगळे ओवरीत जमलो. आईबाप दोरीच्या अलीकडे. आधी एका मुलाला उभं केलं. दोघांनी त्याचे खांदे धरले, कुणीतरी लॅटिनमध्ये काहीतरी म्हटलं, आणि टक्. नारळ घेताना आपण वाजवून बघतो ना, तसा आवाज. टाळ्या. पोरगा हसत होता, डोळ्यांत पाणी.

मग कस्तुरी. हॅरिएटने तिच्या कपाळावर तळवा ठेवला.

“थांबा!”

मी मराठीत ओरडले होते, तरी सगळे थांबले. दोरी ओलांडून मी खांबापाशी कधी पोचले, कळलं नाही. कस्तुरीचा चेहरा पांढरा पडला होता. ती घाबरली होती. दगडाला नव्हे, मला.

“इट्स ओन्ली अ टॅप, माय डिअर,” मिसेस पेंबर्टन हळूच म्हणाल्या.

तिला ओढून न्यायला आले होते मी. पण तो चेहरा बघून हात पुढे होईना. म्हणून मी हात खळग्यात ठेवला, तळवा बाहेर करून. “माझा हात इथे राहील,” मी इंग्लिशमध्ये म्हटलं. “मग करा काय करायचं ते.”

कुणीतरी खोकलं. मिसेस पेंबर्टननी हॅरिएटकडे बघून मान डोलावली. लॅटिन झालं. मी डोळे मिटले.

बोटांची हाडं दगडावर आपटली आणि कळ पार खांद्यापर्यंत गेली. टाळ्या वाजल्या. मी हात कोटाच्या खिशात घातला.

“झालं ना? टपलीच होती की नाही?” अनुप म्हणाला.

खिशात बोटं मिटत नव्हती.

गाडीपर्यंत कस्तुरी सोडायला आली. “आई, यू आर सो एम्बॅरसिंग,” म्हणत बिलगली. मग एकदम डोळे चमकले.

“पुढच्या वर्षी नवीन मुलीला मी धरणार! कसं करायचं दाखवू? खाली वाक.”

मी वाकले. तिने माझ्या कपाळावर तळवा ठेवला. छोटासा, गार, पण दाब चांगलाच होता. माझ्यामागे गाडीची काच होती.

“डोळे मिट,” ती म्हणाली. “नाही दुखत, खरंच.”

मी मान ताठ केली.