राखेने घासलेली घंटा

मित्रांनो, मी नारीन नावाच्या दूरच्या डोंगराळ मुलखातल्या एका गावशाळेची पितळी हातघंटा आहे, जुनी आणि थोडी चेपलेली. माझा आवाज खणखणीत आहे असे लोक म्हणतात. पूर्वी मला त्याचा अभिमान वाटे. आता वाटत नाही. का, ते सांगते. नीट सांगता येईलच, अशी मात्र खात्री नाही.

मी कुठल्याशा दूरच्या कारखान्यात ओतली गेले. तिथले काही आठवत नाही. आठवतात ते उल्कान आपांचे हात. शाळेची झाडलोट करायची, शेगड्या पेटवायच्या आणि तासातासाला मला वाजवायचे, हे त्यांचे काम. दर शनिवारी आपा शेगडीतली राख घेऊन मला घासत. "चल गं, तोंड धुऊन घे," म्हणत. एक सप्टेंबरला वरच्या वर्गातला एखादा दणकट मुलगा पहिलीतल्या मुलीला खांद्यावर बसवी, ती मला वाजवी आणि वर्ष सुरू होई. सारे गाव ते बघायला येई.

एका मे महिन्यात शाळा सुटली आणि दहावीतल्या मेदेरने मला खिळ्यावरून काढले. त्याचे घर मेंढ्या घेऊन उन्हाळी कुरणांवर निघाले होते. कळपापुढे चालणाऱ्या बोकडाची घंटा नदीत पडली होती, आणि तिच्या आवाजावाचून मेंढ्या धुक्यात भरकटतात. "बंद शाळेत तू काय करणार? सप्टेंबरच्या आत आणून ठेवतो," तो मला म्हणाला. खरे सांगू? मला आनंद झाला. तीन महिने मी बोकडाच्या गळ्यात गवताचा वास घेत हिंडले. एकदा खडकावर आपटून चेपले, तरी मजेत होते.

खाली गावात काय चालले होते, ते मला नंतर बायकांच्या बोलण्यातून कळले. त्या वर्षांत तांबे-पितळ विकत घेणारे ट्रक गावोगाव फिरत. लोक खांबांवरच्या तारासुद्धा कापून विकत. रिकामा खिळा दिसला तेव्हा मुख्याध्यापक तुर्गुन आगाय (आगाय म्हणजे आमच्याकडे गुरुजी) सगळ्यांदेखत म्हणाले, "आपा, किल्ली तुमच्याकडे. मग घंटेला काय पाय फुटले?"

"पाय नाही, कुणाला तरी हात फुटले असतील," आपा म्हणाल्या. लोक हसले. विश्वास मात्र कोणी ठेवला नाही.

मेदेर परतला, हे ऐकून घाबरला. त्याने मला राखेने घासून लखलखीत केले आणि पहाटे खिडकीतून हात घालून शाळेच्या जळणाच्या खोलीत गोवऱ्यांच्या ढिगावर ठेवले. आपली चूक निस्तरली, असे त्याला वाटले असावे.

"राखेनं घासलीय बघा," मी सापडले तेव्हा आपांची शेजारीण म्हणाली. "आपल्या गावात उल्कानशिवाय राखेनं पितळ घासतं कोण? घाबरली आणि आणून ठेवली!"

तुर्गुन आगायांनी मला उचलले, तेव्हा मी नेहमीसारखीच गोड वाजले. त्या आवाजाची मला अजून लाज वाटते.

मला कपाटात कुलूपबंद केले गेले आणि मुख्याध्यापक स्वतः मला वाजवू लागले. तेवढ्या पगारात दुसरे कोणी मिळेना, म्हणून आपांची नोकरी राहिली. मेजवानीला त्यांना भांडी घासायला बोलावत आणि त्या निघाल्या की चमचे मोजत. मेदेर तोंडात गुळणी धरून शिकला आणि शहरात निघून गेला.

त्या उन्हाळ्यानंतर बारा वर्षांनी तो आमच्याच शाळेत गणिताचा शिक्षक होऊन आला. त्याला पाहताच आपा उठून उभ्या राहिल्या.

"या, आगाय, या!"

"आपा, मला आगाय नका म्हणू."

"का बरं? या भिंतींनी वाढवलेलं पोर शिकवायला परत आलं. बाकीचे रशियाला पळाले. मी तर आगायच म्हणणार!" मानाच्या पाहुण्याला देतात तसा अर्धाच भरलेला चहाचा वाडगा त्यांनी पुढे केला. त्याला तेवढाही संपवता आला नाही.

"उद्या मुलीच्या हाती घंटा तू द्यायचीस," असे म्हणून तुर्गुन आगायांनी मला त्याच्या हातात ठेवले. त्याचा अंगठा माझ्या पोच्यावर पडला. मला घेऊनच तो जळणाच्या खोलीत गेला. आपा गोवऱ्या रचत होत्या.

"आपा, ही मी नेली होती. बोकडासाठी."

आपांनी हातातली गोवरी नीट ठेवली. "बोकडासाठी?"

"हो. मला माफ करा."

"मला कशाला सांगतोस? मी नेली नाही, हे मला बारा वर्षं ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग."

"उद्या अख्खं गाव असेल, आपा. मुलं असतील. नंतर माझं कोण ऐकेल?"

"मीही अख्ख्या गावासमोरच चोर झाले, बाळा. अशी कोपऱ्यात नाही."

दुसऱ्या दिवशी पटांगण भरले होते. पहिलीतली मुलगी खांद्यावर बसून वाट बघत होती. मेदेरने मला मुठीत आवळून धरले.

"दे की रे! हात अवघडला का?" कोणीतरी ओरडले.

मग तो बोलला. कुरण, राख, खिडकी, सगळे त्याने सांगितले. "बोकडाच्या गळ्यात?" म्हणून मागे एक मुलगा हसला. मेदेरच्या आईने ओढणी तोंडावर घेतली. तुर्गुन आगायांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि मेदेरच्या हातून मला घेऊन आपांपुढे धरले.

"आपा, तुम्ही वाजवा."

आपांनी हात मागे घेतले. "तेव्हा एकानं तरी नीट विचारायचं होतं," त्या म्हणाल्या आणि बादली उचलून आत गेल्या.

त्या वर्षी पहिली घंटा झालीच नाही. मुले मुकाट्याने वर्गात गेली. त्यांच्यामागून मेदेरही खाली मान घालून गेला.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कोणाची वस्तू न विचारता नेलीत, तर ती गुपचूप परत ठेवू नका. दिवसाउजेडी, आपले नाव सांगून, हातात द्या. मी परत आले होते, पण मला कोणी परत दिले नव्हते. आता मी पुन्हा खिळ्यावर आहे. आपा रोज माझ्याखालची फरशी पुसतात, पण अजून त्यांनी मला हात लावलेला नाही. लावावा, असे म्हणण्याचे मला धैर्य होत नाही.